बेसबॉल कार्डसंग्रह (जुनी कार्डे)

अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली जुनी पुठ्ठ्याची कार्डे जमवण्याचा छंद. ही कार्डे जपून ठेवण्यासाठी कोणी छापली नव्हती. सिगारेटी, कॅरमेल किंवा च्युइंगगम खपावे म्हणून ती पाकिटात घातली जात. मुलांनी ती सायकलच्या आऱ्यांत अडकवली, भिंतीकडे भिरकावून पैजा लावल्या, रबरबँड लावून खिशात कोंबली. मुले मोठी झाल्यावर उरलीसुरली रद्दीत गेली. महायुद्धाच्या काळात कागद गोळा करण्याच्या मोहिमांनी आणखी बरीच गिळली. शिल्लक राहिलेल्यांना आज जी किंमत येते, ती मुख्यतः या नासधुशीमुळे. आपल्याकडे काडेपेटीचे छाप किंवा बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी जमवली, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

साधारणपणे १९८० पूर्वीच्या कार्डांना संग्राहक जुनी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कार्डांचा मान त्यातही वेगळा.

सुरुवात तंबाखूपासून झाली. १८८० च्या दशकात सिगारेटचे मऊ पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर नट्या, पक्षी, मुष्टियोद्धे आणि बेसबॉलपटू छापले जाऊ लागले. या परंपरेतला सर्वांत नावाजलेला संच म्हणजे टी२०६. अमेरिकन टोबॅको कंपनीने तो १९०९ ते १९११ या काळात काढला. जेमतेम दीड इंच रुंद अशा या कार्डांवर शिळाछापाची रंगीत चित्रे आहेत आणि पाठीवर ‘पिडमाँट’, ‘स्वीट कॅपोरल’ अशा सिगारेटींची जाहिरात. नवख्याला चक्रावणारी गोष्ट अशी की समोरचे चित्र तेच असले तरी पाठीवरचा ब्रँड दुर्मीळ असेल तर किंमत कितीतरी पटींनी वाढते. पाठ न बघता टी२०६ विकत घेणारा संग्राहक सहसा सापडत नाही.

याच संचातले होनस वॅग्नर यांचे कार्ड हे या छंदाचे दैवत. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे हे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक) १९३६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या सन्मान-दालनासाठी निवडलेल्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी एक. त्यांनी हरकत घेतल्यामुळे कार्डाची छपाई लवकरच थांबली आणि आज साठेक प्रतीच ठाऊक आहेत. मुलांनी कार्डापायी सिगारेटी विकत घेऊ नयेत म्हणून त्यांनी हरकत घेतली, असे एक कारण सांगतात. मोबदला न मिळाल्यामुळे घेतली, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत, त्यामुळे पहिले कारण जरा जास्तच सोज्वळ वाटते; पण ते खोटे ठरवायलाही पुरावा नाही. २०२२ मध्ये यातली एक प्रत खासगी व्यवहारात ७२.५ लाख डॉलरला गेली.

सर्वांत देखण्या प्रतीची कथा मात्र बोध घेण्याजोगी आहे. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी भागीदारीत १९९१ मध्ये ती ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. कार्डांना गुण देणाऱ्या पीएसए या संस्थेने प्रमाणित केलेले हे पहिलेच कार्ड. पुढे तिच्यासाठी २८ लाख डॉलर मोजले गेले. आणि २०१३ मध्ये लिलावसंचालक बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की कडा धारदार दिसाव्यात म्हणून आपण ते कार्ड कापले होते. कापलेले कार्ड एरवी बाद धरतात. या कार्डाची प्रसिद्धी मात्र ओसरली नाही.

तंबाखूनंतर च्युइंगगमचे राज्य आले. बॉस्टनच्या गाउडी कंपनीच्या १९३३ च्या संचात १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नव्हते. संच पुरा करायला गम विकत घेत राहणाऱ्या मुलांनी तक्रारी केल्या, तेव्हा पुढच्या वर्षी नॅप लाजोय यांचे कार्ड छापून तक्रारदारांना टपालाने पाठवले गेले. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच हा पुढचा मोठा टप्पा. त्यातली ३११ पासूनची कार्डे हंगाम संपत आल्यावर बाजारात आली आणि पडून राहिली. कंपनीचे साय बर्गर यांनी पुढे सांगितले की १९६० मध्ये उरलेला माल बार्जवर लादून न्यू जर्सीजवळ समुद्रात टाकून दिला. ३११ क्रमांक न्यूयॉर्क यँकीज संघाचे नामवंत खेळाडू मिकी मँटल यांचा. त्यांचे पदार्पणाचे कार्ड खरे तर १९५१ चे, बोमन कंपनीचे. तरी भाव १९५२ च्या कार्डाचाच. १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकली गेलेली त्याची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. क्रीडावस्तूला तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती.

किंमत ठरते ती अवस्थेवर. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही हे पाहून १ ते १० गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालतात. १९५२ च्या संचातले पहिले कार्ड अँडी पॅफ्को यांचे. मुले क्रमवार गड्डी करून रबरबँड लावत, त्यामुळे घासणी आणि वळ त्याच्याच वाट्याला आले. म्हणून चांगल्या अवस्थेतले पॅफ्को दुर्मीळ. बनावट ओळखायला संग्राहक भिंगातून छपाईचे ठिपके तपासतात आणि अतिनील दिवा धरतात. महायुद्धोत्तर कागदात उजळपणासाठी घातलेली रसायने त्या उजेडात निळसर चमकतात, जुना पुठ्ठा मंद राहतो.

टी२०६ मधला ‘टी’ ही जेफरसन बर्डिक यांची देणगी. सिराक्यूजच्या या संग्राहकाने १९३९ पासून कार्डांची सूची प्रसिद्ध केली: विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, गमच्या कार्डांना ‘आर’. त्यांनी आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी ते तिथे बसून वर्षानुवर्षे कार्डे वह्यांत चिकटवत होते. काम जानेवारी १९६३ मध्ये संपले, मार्चमध्ये ते वारले. चिकटवलेल्या कार्डांची आज बाजारात धड किंमत येणार नाही, पण बर्डिक यांना बाजाराशी कर्तव्य नव्हते.

१९८१ पासून नव्या कंपन्या बाजारात उतरल्या आणि दशकाच्या अखेरीस कार्डे गुंतवणूक म्हणून अमाप छापली व जपली गेली. त्यातली बहुतेक आज कवडीमोल आहेत. याउलट टी२०६ मधला एखादा विस्मृतीत गेलेला खेळाडू, कोपरे झिजलेला, शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतो. वॅग्नर आणि आणखी तीन दुर्मीळ कार्डे सोडून उरलेली ५२० जमली की संच पूर्ण झाला, असे या छंदातले लोक मानतात.