अमेरिकन अनुभवातीतवाद (ट्रान्सेंडेंटलिझम)

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात, मुख्यतः बॉस्टन आणि जवळच्या काँकर्ड गावात, १८३० नंतर आकाराला आलेली वैचारिक व साहित्यिक चळवळ. प्रत्येक माणसात दैवी अंश आहे, सत्याची ओळख अंतःप्रेरणेने थेट पटते आणि त्यासाठी धर्मग्रंथ, चर्च किंवा पुरोहित यांची मध्यस्थी लागत नाही, हा तिचा गाभा.

चळवळीतले बरेच जण युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथात वाढले होते. माणूस जन्मतः पापी असतो ही जुनी शिकवण त्या पंथाने टाकून दिली होती. पण त्याचा बुद्धिवाद या तरुणांना कोरडा वाटू लागला. ज्ञान केवळ इंद्रियांवाटे येते हे इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकचे मत नाकारताना त्यांना आधार मिळाला तो जर्मन तत्त्वज्ञ कांटचा, आणि तोही बराचसा इंग्लिश कवी कोलरिजच्या लेखनातून. राल्फ वॉल्डो इमर्सन (१८०३–१८८२) याने १८३२ मध्ये धर्मोपदेशकाचे पद सोडले. १८३६ मध्ये त्याचे ‘नेचर’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी या मंडळींच्या बैठकी सुरू झाल्या. १८३८ च्या हार्वर्डमधील भाषणाने धर्मपीठ इतके दुखावले, की पुढे जवळपास तीस वर्षे त्याला तिथे बोलावणे आले नाही. ‘द डायल’ (१८४०–४४) या नियतकालिकाची पहिली संपादक मार्गारेट फुलर हिने १८४५ मध्ये स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिले. चळवळीच्या इतिहासात तिला मिळते त्याहून मोठी जागा तिची आहे. ब्रुक फार्मसारखे सामुदायिक वसाहतींचे प्रयोग मात्र काही वर्षांतच बारगळले.

विश्वात एकच आत्मा भरून आहे, हे इमर्सनचे म्हणणे वाचताना मराठी वाचकाला उपनिषदे आठवणारच. तरीही हा विचार त्याने भारतातून उचलला असे सरसकट म्हणणे चूक ठरेल. भारतीय धर्मांविषयी तो आधीपासून थोडेफार वाचत होता, पण गीता त्याने वाचली १८४५ मध्ये. तोवर त्याची मूळ मांडणी छापून झाली होती. गीतेने त्याच्या विचाराला दुजोरा दिला.

हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–१८६२) याने हे तत्त्वज्ञान जगून पाहिले. ४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला; खोपटाचा खर्च त्याने २८ डॉलर साडेबारा सेंट असा मांडून ठेवला आहे. तिथे तो गीता वाचत असे. त्या तळ्यावरचा बर्फ कापून पार भारतापर्यंत विकायला नेला जाई. मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक माझ्याच विहिरीचे पाणी पितात, असे त्याने आनंदाने लिहिले आहे. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला डोईपट्टी भरायला नकार दिल्यामुळे जुलै १८४६ मध्ये त्याला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. कुणीतरी पट्टी भरून टाकल्याने दुसऱ्या दिवशी त्याची सुटका झाली.

या घटनेतून १८४९ चा सविनय कायदेभंगावरील निबंध आला, आणि चळवळीचा सर्वांत खोल ठसा याच निबंधाने उमटवला. गांधीजींनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यातील उतारे छापले. आपल्याला ही कल्पना थोरोकडून मिळाली हे मात्र त्यांनी पुढे स्पष्ट नाकारले. तो निबंध हाती येण्यापूर्वीच तिथला प्रतिकार सुरू झाला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी महाविद्यालयात असताना तो वाचला. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या कवितेचे इमर्सनने १८५५ मध्ये पत्र लिहून स्वागत केले. निसर्ग पवित्र आहे ही या मंडळींची श्रद्धा जॉन म्यूरने अरण्यरक्षणाच्या कामात उतरवली. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेचा तो पहिला अध्यक्ष होता.