चित्ररूप नोड (आर भाषेतील नेटवर्क आलेख)

नेटवर्क आलेख गोष्टी आणि त्यांच्यातील दुवे दाखवतो. त्यात प्रत्येक गोष्टीचा नोड म्हणजे एरवी एक रंगीत वर्तुळ. त्या वर्तुळाच्या जागी छायाचित्र, ध्वज, बोधचिन्ह किंवा एखाद्या प्राण्याचे रेखाचित्र बसवले की तो चित्ररूप नोड होतो. आर या संगणकभाषेत त्यासाठी तीन वाटा रुळल्या आहेत, सगळ्या पॅकेजच्या, म्हणजे भाषेला जोडायच्या तयार फंक्शनांच्या संचांच्या. छापील, स्थिर आलेखासाठी आयग्राफ; जीजीप्लॉट-२ या आलेख काढण्याच्या पॅकेजच्या पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी जीग्राफ आणि त्याच्या जोडीला जीजीइमेज; ब्राउझरमध्ये माउसने ओढता येणाऱ्या आलेखासाठी विसनेटवर्क.

आयग्राफ हे गाबोर चार्दी आणि तामाश नेपुस यांनी २००६ मध्ये शोधनिबंधातून मांडलेले पॅकेज. त्यात नोडच्या आकारांमध्ये वर्तुळ, चौकोन, गोळा यांबरोबर ‘रास्टर’, म्हणजे पिक्सेलचे चित्र, हाही एक आकार आहे. पीएनजी पॅकेजमधील रीडपीएनजी या फंक्शनने चित्र वाचायचे, सर्व चित्रांची एक लिस्ट करायची, ती नोडच्या ‘रास्टर’ या गुणधर्मात भरायची आणि आकार म्हणून रास्टर निवडायचा, एवढेच काम. गुणधर्म भरायला विसरले तर प्रत्येक नोडवर आयग्राफचे स्वतःचे बोधचिन्ह झळकते. नवख्यांना ते कोड्यात टाकते, पण चूक निदान दिसते तरी.

न दिसणारी चूक क्रमाची. समजा, अन्नसाखळीचे दुवे असे आहेत: गवताकडून टोळाकडे, टोळाकडून बेडकाकडे, बेडकाकडून सापाकडे, सापाकडून गरुडाकडे. नोडची वेगळी यादी दिली नसेल, तर आयग्राफ दुव्यांच्या तक्त्यातून आधी पहिल्या स्तंभातली नावे घेतो, मग दुसऱ्यातली उरलेली. म्हणून क्रम गवत, टोळ, बेडूक, साप, गरुड असा लागतो. चित्रांच्या फायलींना हीच नावे असतील, तर फोल्डरची यादी मात्र वर्णानुक्रमे येते: गरुड, गवत, टोळ, बेडूक, साप. दोन्ही याद्या सरळ जोडल्या की गवताच्या जागी गरुड बसतो आणि पाचही चित्रे चुकतात. आर एका शब्दानेही तक्रार करत नाही, कारण पाच नोडना पाच चित्रे मिळालेली असतात. फायलींना आकडे दिले तरी सुटका नाही. वर्णानुक्रमात १० हा २ च्या आधी येतो. खात्रीचा उपाय एकच, फाइलचा पत्ता नोडच्या नावावरून तयार करणे. पहिल्या खेपेला चित्राखाली नावही छापून पाहावे. लेबलचे अंतर शून्याहून जास्त आणि कोन पाय (π) भागिले दोन ठेवला की नाव खाली येते.

रास्टर आकाराला रुंदी आणि उंची वेगवेगळी देता येते. न दिल्यास दोन्ही सारखी धरली जातात आणि उभे छायाचित्र चेपून चेहरे बसके दिसतात. ३०० बाय ४०० पिक्सेलच्या चित्राला १५ आणि २० हे माप बरोबर बसते. गोल कापलेल्या, पारदर्शक कोपऱ्यांच्या चित्रात आणखी एक खोट राहते: दुवा चित्राच्या चौकटीपाशी थांबतो, वर्तुळापाशी नाही. त्यामुळे तिरक्या बाणांची टोके हवेत लटकतात. त्यावर ॲड-शेप या फंक्शनने स्वतःचा आकार नोंदवता येतो. दुवा कुठे छाटायचा याचा नियम वर्तुळाकडून उसना घ्यायचा आणि चित्र रास्टरइमेज या फंक्शनने काढायचे.

मोठी चित्रे संगणकाची स्मृती खातात, तीही अंदाजापेक्षा फार. रीडपीएनजी प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक रंगघटकासाठी ० ते १ मधली दशांश संख्या ठेवते आणि अशा संख्येला ८ बाइट लागतात. पारदर्शकतेसह चार घटक धरले, तर २००० बाय २००० पिक्सेलचे एक चित्र १२८ एमबी जागा घेते, मग डिस्कवरची फाइल कितीही लहान असो. आलेखात नोडची रुंदी सहसा एकूण रुंदीच्या दहाव्या भागाइतकीही नसते. चित्र आधीच मॅजिक या चित्रे हाताळणाऱ्या पॅकेजने २०० बाय २०० केले की तेच काम १.२८ एमबीत भागते.

जीग्राफमध्ये वेगळी युक्ती लागत नाही. नोडचे स्थान त्याने ठरवलेलेच असते, त्यावर जीजीइमेजचा चित्रांचा थर चढवायचा.

विसनेटवर्कमध्ये नोडच्या तक्त्यात आकाराच्या स्तंभात ‘इमेज’ किंवा ‘सर्क्युलरइमेज’ लिहायचे आणि चित्राचा पत्ता दुसऱ्या स्तंभात द्यायचा. गोल प्रकाराला कड असते, ही मोठी सोय. चित्र आले की नोडचा रंग झाकला जातो, आणि गट किंवा प्रकार दाखवायला तीच कड उरते. पत्ता मात्र पत्ताच राहतो. स्वतःच्या संगणकावरील फोल्डरचा पत्ता देऊन तयार केलेले पान दुसऱ्याकडे गेले की तिथे चित्रे उमटत नाहीत. म्हणून चित्र बेस-६४ मजकुरात (फाइलचा डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) बदलून थेट त्या स्तंभात भरतात. पान जड होते, पण एकटे प्रवास करू शकते. चित्र मिळालेच नाही तर काय दाखवायचे, तेही पर्यायी चित्र देऊन आधी ठरवता येते.