‘पुडी विकणारा पोरगा बक्कळ कमावतो’ हा गैरसमज

रस्त्यावर क्रॅक (कोकेनचा एक स्वस्त, ओढायचा प्रकार) विकणारी पोरं खोऱ्याने पैसा ओढतात, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. शिकागोतल्या एका टोळीची चार वर्षांची हिशेबवहीच समाजशास्त्रज्ञ सुधीर वेंकटेश यांच्या हाती लागली आणि अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांच्यासोबत त्यांनी 2000 मध्ये तिचं विश्लेषण मांडलं. महिन्याची जमा सुमारे 32,000 डॉलर. त्यातले 5,000 घाऊक मालाला, तेवढेच वरच्या म्होरक्यांना, शिवाय हत्यारं, भाडोत्री लढवय्ये, मेलेल्यांच्या घरच्यांना मदत. उरलेल्यातले 8,500 एकटा स्थानिक नायक खिशात घालायचा. कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पन्नासेक पोरांत 7,400 वाटले जायचे! तासाला साधारण 3.30 डॉलर, तेव्हाच्या किमान वेतनापेक्षाही कमी. म्हणूनच अनेक जण आईच्या घरी राहायचे, जोडीला कायदेशीर नोकऱ्याही करायचे.

मग ही पोरं धंद्यात का टिकायची? नायकाची खुर्ची मिळेल या आशेवर. टोळीयुद्ध पेटलं की भीतीने गिऱ्हाईक फिरकायचं नाही, गोळ्या मात्र याच पोरांवर झडायच्या. चारही वर्षं धंद्यात राहिलेल्याला सरासरी सहा वेळा अटक, दोनदा जखम. आणि मरण्याची शक्यता चारात एक.