हात टेकणारा नेमका कोण?

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर, तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस येरझाऱ्या घालतोय. धंद्याच्या कामाला आला होता, ते काम फिस्कटलंय, खिशात फार पैसे उरलेले नाहीत, शहरात ओळखीचं कुणी नाही आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. लॉबीच्या एका बाजूला बार, आतून हसण्याबोलण्याचे आवाज येतायत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शेजारी गावातल्या चर्चेसची यादी. डोक्यात विचार येतो की नुसतं जिंजर एल, म्हणजे आल्याचं बिनदारूचं पेय, घेऊन बसू, कुणीतरी ओळखीचं होईल, त्यात काय एवढं. आणि त्याच डोक्यात दुसरा विचार, की आज तू संपलास.

तो फोनकडे गेला. यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला, मग त्याने सुचवलेल्या लोकांना, आणि शेवटी दुसऱ्या दिवशी गाठ पडली ती डॉक्टर बॉब स्मिथची, जो सर्जन होता आणि स्वतः अट्टल पिणारा. बॉब म्हणे पंधरा मिनिटंच बसतो, बसले कित्येक तास. १० जून १९३५ ही बॉबच्या शेवटच्या दारूची तारीख मानतात आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचा वाढदिवस. दारू सोडण्याच्या वाटेवरच्या त्यांच्या बारा पायऱ्या छापून आल्या १९३९ मध्ये.

मला या गोष्टीत इंटरेस्ट आहे तो त्या लॉबीत. कारण आपण मराठीत हे रोज म्हणतो, एक मन म्हणतं जा, दुसरं मन म्हणतं नको. म्हणताना आपल्याला काही वेगळं वाटत नाही, कुणी आपल्याला वेड्यात काढत नाही. पण थेरपीच्या दुनियेत या साध्या बोलण्याला कुणीतरी शब्दशः सिरीयसली घेईपर्यंत बराच काळ गेला.

ते घेतलं रिचर्ड श्वार्ट्झने. हा मुळात फॅमिली थेरपिस्ट, म्हणजे एका माणसाला एकटं न बघता सगळं कुटुंब समोर बसवून कोण कुणाला काय बोलतं, कोण कुणाची बाजू घेतं हे बघणारा. १९८० च्या दशकात तो बुलिमियाच्या पेशंट्सबरोबर काम करत होता, म्हणजे ज्या लोकांना अधाशासारखं खायचं आणि मग उलटी काढायची हा त्रास असतो. ते लोक आपणहून सांगायला लागले की माझा एक पार्ट मला सारखा शिव्या देतो, मग दुसरा पार्ट येतो आणि खायला लावतो, आणि खाऊन झालं की पहिला परत सुरू. श्वार्ट्झला वाटलं, अरे, हे तर घरातलं भांडण आहे, फक्त सगळं घर एकाच माणसाच्या आत आहे. यातून जी पद्धत उभी राहिली तिचं नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, थोडक्यात आयएफएस.

यात मनातल्या भागांचे ढोबळ तीन प्रकार धरतात. पहिले हद्दपार केलेले, बहुतेकदा लहानपणीचे, ज्यांच्याकडे लाज, भीती, एकटेपण साठलेलं असतं आणि जे वर येऊ नयेत म्हणून बाकी सगळ्यांची धडपड चालते. दुसरे मॅनेजर, जे आधीपासून बंदोबस्त करतात, टापटीप ठेवतात, टोमणे मारतात, लोक काय म्हणतील याची काळजी करतात. तिसरे फायरफायटर, म्हणजे बंबवाले. हद्दपारवाल्याचं दुखणं भडकलं की हे घंटा वाजवत येतात आणि मिळेल त्याने आग विझवतात, मग घरातलं फर्निचर भिजलं काय आणि फुटलं काय, त्यांना देणंघेणं नाही. दारू, ड्रग्ज, जुगार, अधाशी खाणं, हे सगळं बंबवाल्यांचं पाणी. आणि या तिन्हींच्या पलीकडे एक शांत, कुतूहल असलेला, न घाबरणारा असा गाभा प्रत्येकात असतो असं ही पद्धत मानते, त्याला ते सेल्फ म्हणतात. कोणताच भाग मुळात वाईट नसतो हा यातला पाया आहे.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण श्वार्ट्झला सुरुवातीला स्वतःलाच हे पटलेलं नव्हतं. तो एक प्रसंग सांगतो. त्याची एक पेशंट स्वतःला इजा करून घ्यायची, तर त्याने ठरवलं की त्या इजा करणाऱ्या भागाला वठणीवर आणायचं, आणि एका सेशनमध्ये त्या भागाकडून वचन घेईपर्यंत तो उठलाच नाही. पुढच्या आठवड्यात ती आली ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन. त्या क्षणी त्याने हात टेकले, मी तुझ्याशी जिंकू शकत नाही असं सरळ कबूल केलं, आणि त्या भागाचं उत्तर आलं की मलाही तुला हरवायचं नाहीये. मग पहिल्यांदाच त्याने विचारलं, की तू हे का करतोस.

आता एएची पहिली पायरी आठवा. दारूपुढे आमचं काही चालत नाही, आमचं आयुष्य आमच्या हाताबाहेर गेलंय, हे आम्ही मान्य केलं.

लोक म्हणतात की या दोन गोष्टी जुळत नाहीत, एक सांगते तू हतबल आहेस, दुसरी सांगते सगळं सामर्थ्य तुझ्याच आत आहे. मला उलट वाटतं की दोन्ही एकाच दारातून आत येतात. प्रश्न एवढाच आहे की हात टेकतंय कोण. पिणाऱ्या माणसाच्या आत इतकी वर्षं दारूशी लढत कोण होतं? मॅनेजर. सोमवारपासून बंद, फक्त वीकेंडला, फक्त बिअर, फक्त दोन, घरात बाटली ठेवायची नाही, हे सगळे त्याचे नियम, आणि प्रत्येक नियम मोडला की वरून त्याच्याच शिव्या. पहिल्या पायरीवर हरतो तो हा. सगळा माणूस हरत नाही, त्याच्यातला कंट्रोल करणारा भाग हरतो आणि कधी नव्हे ते गप्प बसतो, आणि त्या शांततेत बाकीच्यांचं ऐकू येण्याची शक्यता तयार होते.

कंट्रोल का हरतो याचं एक साधं उत्तर मानसशास्त्राकडे आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नरने लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली, आणि नंतर मोकळीक दिल्यावर याच लोकांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. आता अस्वलाच्या जागी ग्लास ठेवा. शिवाय मेंदूचं एक वेगळंच झेंगट आहे. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्यसनात पहिली वाढत जाते आणि दुसरी वाढेलच असं नाही, म्हणून माणूस सांगतो की आता मजा काहीच येत नाही तरी तलफ मात्र पूर्वीपेक्षा जोरात येते. बंबवाल्याला पाण्याने आग विझते की नाही याच्याशी मतलब राहिलेला नसतो, घंटा वाजली की तो निघतो.

आग कुठून येते? १९९८ मध्ये फेलिटी आणि आंडा यांचा एक अभ्यास आला, साडेनऊ हजारांवर प्रौढांना त्यांच्या बालपणातल्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं होतं, म्हणजे मारहाण, अत्याचार, घरात कुणी व्यसनी असणं वगैरे. असे चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. याचा अर्थ प्रत्येक पिणाऱ्याचं बालपण वाईट असा नाही हं, व्यसनात आनुवंशिकतेचाही मोठा वाटा असतो. पण हद्दपार केलेलं कुणीतरी आत बसलंय ही कल्पना हवेतली नाही एवढं नक्की.

आता चौथी पायरी, जिथे मला वाटतं या दोघांची खरी गरज एकमेकांना लागते. चौथ्या पायरीत स्वतःचा निर्भयपणे हिशोब मांडायचा असतो, लेखी. एएच्या मूळ पुस्तकात तीन रकाने छापलेत, कुणावर राग आहे, का आहे, त्याने माझं काय दुखावलं. मग पुढचा प्रश्न, यात माझी चूक काय, ज्याचा लोकांनी चौथा रकाना केला आणि त्याला इंग्लिशमध्ये सर्रास माय पार्ट म्हणतात, म्हणजे माझा वाटा. थेरपीतला पार्ट आणि वहीतला पार्ट हा एकच शब्द, अर्थ दोन, आणि गंमत म्हणजे चौथा रकाना नीट भरायचा तर दोन्ही अर्थ लागतात.

समजा एक बाई आहे, सात महिने सोबर, वही घेऊन बसलीय. भावाच्या नावापुढे चौथ्या रकान्यात लिहितेय, मी स्वार्थी, मी खोटारडी, मी नालायक, मी आईला पण सोडलं नाही. पेन इतकं दाबून चाललंय की मागच्या पानावर उठलंय. तासाभराने तिला भयंकर तलफ येते. ती स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या तिला पायऱ्यांतून नेणाऱ्या जुन्या सदस्याला, फोन करते, रडत वाचून दाखवते, तर पलीकडून ती मोठी बाई म्हणते, "अगं थांब जरा, हे लिहितंय कोण?"

लिहीत होता तिचा मॅनेजर. निर्भय हिशोब म्हटल्यावर त्याला वाटलं आपलंच काम आलं, घेतला चाबूक. आणि चाबूक बसला कुणाला, तर हद्दपार केलेल्या त्या लहान पोरीला, जिला आधीच वाटतं की मी वाईट आहे. ती कळवळली, बंबवाला उठला. म्हणजे पायरी प्रामाणिकपणे करता करताच माणूस बाटलीपर्यंत पोचू शकतो. ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये रिलॅप्सबद्दल, म्हणजे सोडलेलं व्यसन परत सुरू होण्याबद्दल, असंच काहीसं दाखवून दिलं होतं, की एकदा घसरल्यावर माणूस पुढे वाहवत जातो त्यात पहिल्या ग्लासाइतकाच हात असतो नंतरच्या विचाराचा, की बघ, मी आहेच असा, आता काय उरलंय.

सहाव्या-सातव्या पायरीतले स्वभावदोषही याच उजेडात बघता येतात. दोष काढून टाक अशी प्रार्थना करायची असते, आणि आयएफएसवाला म्हणेल की कुणाला काढू नका, त्याचं काम बदला. खोटं बोलणारा भाग हा एके काळी मार चुकवायला खोटं बोलायला शिकलेला असू शकतो. त्याला हाकलला तर तो दुसऱ्या दाराने येतो, त्याला विचारलं की तू हे थांबवलंस तर काय होईल अशी भीती वाटते, तर तो कधीकधी सांगतो. पायऱ्यांमध्ये स्वतःपेक्षा मोठ्या अशा एका उच्च शक्तीवर भरवसा ठेवायला सांगतात, तिच्याबद्दल फार वाद नको. एएमध्येच लिहिलंय की देव जसा तुम्हाला समजतो तसा, तेव्हा कुणी सेल्फच्या शांततेत तिला शोधलं तर त्याला तिथे मनाई नाही.

पण भागांच्या भाषेत एक खोड आहे, तीही सांगायला हवी. मी नाही प्यायलो, माझा एक पार्ट प्यायला, असं म्हणणारा हुशार मॅनेजर मी कल्पनेत अगदी स्पष्ट बघू शकतो. आतल्या आत वाटाघाटी करून, बंबवाल्याला मिठी मारून, आता मी बरा झालो, आता दोन पेग चालतील असं म्हणणाराही. इथे पायऱ्या कामाला येतात कारण त्यांना तुमच्या आतल्या समजुतीशी घेणं नसतं, यादी करा, ज्याचं नुकसान केलंत त्याच्याकडे जा, भरपाई करा, फक्त त्याने कुणाला आणखी इजा होणार असेल तर नको. आणि समोर एक जिवंत माणूस असतो, ज्याने हे सगळे बहाणे स्वतः वापरून झालेले असतात. बिल विल्सनने लॉबीत ध्यान नाही लावलं, फोन लावला.

पुराव्याचं म्हणाल तर दोघांचं वजन सारखं नाही. २०२० मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने, एएवर मोठा आढावा काढला, २७ अभ्यास, १०,५६५ लोक. पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभराने पूर्ण कोरडे राहिलेले शंभरात साधारण ४२, इतर उपचारांत ३५. फरक डोळे दिपवणारा नाही, पण एए म्हणजे नुसती भक्ती आहे असं म्हणणाऱ्यांना गप्प करायला पुरेसा. आयएफएसचा पुरावा अजून कोवळा आहे. २०१३ ची एक ट्रायल आहे, पण ती संधिवाताच्या ७९ पेशंट्सवर, ज्यात दुखणं आणि डिप्रेशनमध्ये फायदा दिसला. २०२१ चा एक छोटा अभ्यास बालपणीच्या आघातानंतर पीटीएसडी, म्हणजे आघाताचा न सरणारा मानसिक त्रास, असलेल्या १७ जणांवर. त्यामुळे कुणी दोन्ही एकत्र केले की व्यसन हमखास जातं असं सांगत असेल तर तिथून उठावं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने वही किंवा थेरपीच्या भरवशावर एकदम दारू बंद करू नये, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, डिलिरियम, म्हणजे भ्रम, होऊ शकतो, त्यात जीव जातो, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं असतं. जुना आघात उकरण्याचं कामही घरी एकट्याने करायचं नाही, ते शिकलेल्या थेरपिस्टबरोबर, आणि स्पॉन्सर हा थेरपिस्ट नसतो हे दोघांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

ती वहीवाली बाई. फोनवर स्पॉन्सरने तिला एवढंच सांगितलं की ते पान फाडू नकोस, आज दुसरं काही लिहू नकोस, मीटिंगला ये. पुढच्या आठवड्यात थेरपीत तिने चाबूकवाल्याला विचारलं की तू मारणं थांबवलंस तर काय होईल, आणि बऱ्याच वेळाने उत्तर आलं की मग तू परत पिशील, आणि या वेळी आई बघायला नसेल. इतकी वर्षं तो घाबरलेला होता हे तिला कधी सुचलंच नव्हतं. घरी येऊन तिने भावाच्या नावापुढे चौथा रकाना पुन्हा लिहिला. आईच्या औषधांना म्हणून पैसे घेतले, दारूत घातले, परत दिले नाहीत, विचारल्यावर त्याच्यावरच ओरडले. चार ओळी, त्यात एकही विशेषण नाही. मग पान उलटून आठव्या पायरीसाठी त्याचं नाव टिपून ठेवलं आणि शेजारी रक्कम लिहिली.