पेशी विभाजन : सजीवांमधील महत्त्व

एका पेशीचे विभाजन होऊन तिच्यापासून नव्या पेशी तयार होण्याच्या क्रियेला पेशी विभाजन म्हणतात. वाढ, झिजेची भरपाई, जखमा भरून येणे आणि प्रजनन ही सजीवांची मूलभूत कामे या क्रियेवर चालतात. पेशींची संख्या वाढते हा तिचा सहज दिसणारा परिणाम. पण आनुवंशिक माहितीची पूर्ण प्रत प्रत्येक नव्या पेशीला मिळणे आणि काम झाल्यावर विभाजन थांबणे, या दोन गोष्टी नसतील तर वाढलेली संख्या शरीराच्या काहीच उपयोगाची नाही.

नव्या पेशी कुठून येतात, हा प्रश्न 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटलेला नव्हता. द्रवातून स्फटिक तयार व्हावेत तशा पेशी आपोआप तयार होतात, असे त्या काळातील मोठे अभ्यासकही मानत. रॉबर्ट रेमाक यांनी 1852 मध्ये ही कल्पना नाकारली आणि रुडॉल्फ फिरखो यांनी 1855 मध्ये ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे सूत्र मांडले. (या श्रेयात रेमाक यांचे नाव बहुतेकदा मागे पडते. ते पुढे यायला हवे.) या सूत्राच्या आधारे मागे जात राहिले, तर आज जिवंत असलेल्या कोणत्याही पेशीची परंपरा कोट्यवधी वर्षे कुठेही न तुटता चालत आलेली दिसते. मधली एकही पेशी विभाजनापूर्वी मेली असती, तर ती साखळी तिथेच संपली असती.

पेशीने नुसतेच मोठे का होऊ नये? याचे उत्तर भूमितीत आहे. घनाची बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होते, घनफळ मात्र आठपट. पेशीला अन्न आणि ऑक्सिजन पृष्ठभागातूनच मिळतो, म्हणून आकार वाढत गेला की आतल्या भागाची गरज भागेनाशी होते. त्यामुळे मोठे शरीर उभे राहते ते बहुतांशी लहान पेशींच्या मोठ्या संख्येतून. माणसाचे आयुष्य सुमारे 0.1 मिलिमीटर व्यासाच्या एका युग्मनजापासून, म्हणजे फलित बीजांडापासून, सुरू होते. प्रौढ शरीरात पेशींची संख्या 30 लाख कोटींच्या पुढे असते. आकडा अफाट वाटतो, पण एकाचे दोन, दोनाचे चार असे सतत दुप्पट होत गेले तर 45 पायऱ्यांत तो गाठता येतो.

विभाजन प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कांद्याच्या मुळाचे टोक सर्वांत सोयीचे. पाण्याला टेकवून ठेवलेल्या कांद्याला दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके कापून सौम्य आम्लात मऊ करायची, रंगद्रव्य लावायचे आणि काचेखाली अंगठ्याने दाबून एका थराची करायची. सूक्ष्मदर्शीखाली बहुतेक पेशींत नुसते गोल केंद्रक दिसते. त्या विभाजनाच्या तयारीत असतात आणि डीएनएची प्रत याच काळात तयार होते. थोडे शोधले की एखाद्या पेशीत जाड, रंगीत धागे दिसतात. ही गुणसूत्रे. कांद्यात ती 16 असतात. शेजारच्या एखाद्या पेशीत ती मध्यरेषेवर ओळीने उभी असतात, तर दुसरीत त्यांचे दोन गट विरुद्ध टोकांकडे निघालेले असतात आणि मागे लोंबणाऱ्या भुजांवरून त्यांना मधून ओढले जात असल्याचे सरळ कळते. वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशींत हेच धागे पाहिले आणि 1882 मध्ये ग्रीक भाषेतील ‘धागा’ या शब्दावरून या विभाजनाला मायटोसिस असे नाव दिले. मराठीतील ‘सूत्री विभाजन’ या नावातही तोच धागा आहे.

गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंना तुर्कतंतू म्हणतात. माणसाच्या एका पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए 46 गुणसूत्रांत गुंडाळलेला असतो. प्रत काढल्यावर प्रत्येक गुणसूत्राचे दोन जुळे धागे होतात आणि ते प्रथिनांनी एकत्र बांधलेले राहतात. एका जरी गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे तंतू नीट जोडले गेले नसतील, तर पेशी थांबून राहते. सगळी जोडणी झाल्यावरच ती बंधने कापली जातात. या क्रियेतला सर्वांत विलक्षण भाग हा थांबणेच आहे. पेशीचक्राचे हे नियमन उलगडणाऱ्या लीलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना 2001 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रौढ शरीर वाढत नसले तरी विभाजन चालूच राहते. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसते, त्यामुळे तिचे विभाजन होऊ शकत नाही आणि सुमारे 120 दिवसांत ती संपते. ही तूट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेत दर सेकंदाला 20 लाखांहून अधिक नव्या रक्तपेशी तयार होतात. लहान आतड्याचे अस्तर तर काही दिवसांतच बदलते. याउलट हृदयाच्या स्नायूपेशींचे विभाजन प्रौढपणी अगदीच कमी होते, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या भागाच्या जागी स्नायू येत नाही, व्रण उरतो.

जीवाणूंसारख्या एकपेशीय सजीवांत विभाजन हेच प्रजनन. ई. कोलाय जीवाणूला पोषक परिस्थितीत त्यासाठी 20 मिनिटे पुरतात, म्हणजे एकाचे सात तासांत 20 लाखांहून अधिक. लैंगिक प्रजननात मात्र गुणसूत्रांना आधी निम्मे व्हावे लागते. नाहीतर 46 ची 92, 92 ची 184 अशी गुणसूत्रे प्रत्येक पिढीत वाढत गेली असती. बीजांड आणि शुक्राणू तयार करणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात ती 23 वर येतात. त्यात जोडीतले कोणते गुणसूत्र कुठे जाईल याचे पर्यायच 83 लाखांहून अधिक आहेत, शिवाय पारगतीमुळे गुणसूत्रांचे तुकडेही अदलाबदल होतात. सख्खी भावंडे एकसारखी नसतात ती यामुळे. स्त्रीच्या बीजांडांत हे विभाजन ती जन्मण्यापूर्वीच सुरू होऊन अर्ध्यावर थांबते आणि कित्येक वर्षांनी, बीजांड बाहेर पडताना, पुढे सरकते. इतका काळ गुणसूत्रे धरून ठेवणारी बंधने हळूहळू ढिली होतात. डाउन सिंड्रोममध्ये 21वे गुणसूत्र एक जास्त असते आणि मातेच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते, त्यामागे हे एक कारण आहे. त्यात मातेचा दोष नसतो, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

विभाजनावरचा लगाम सुटला की कर्करोग होतो. डीएनए बिघडला असता पेशीला थांबवणारे पी-53 हे प्रथिन कर्करोगाच्या सुमारे निम्म्या गाठींत बदललेले आढळते. सदाफुलीपासून मिळणारी व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे तुर्कतंतू तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे विभाजन मध्येच अडते. पण निरोगी पेशी आणि रोगट पेशी यांचे तंतू सारखेच. म्हणून अशा उपचारांत तोंड येते, रक्तपेशी कमी होतात, केस गळतात, कारण या तिन्ही ठिकाणी पेशींचे विभाजन वेगाने चालू असते. उपचार संपले की केसांच्या मुळांतील पेशींचे विभाजन पुन्हा सुरू होते आणि बहुतेक रुग्णांना काही महिन्यांत नवे केस येतात.