पार्श्वभूमी : वैश्विक किरण, रेडिओ दुर्बिणी आणि मधली तीस वर्षे

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडले जाणारे संशोधनाचे फुगे मराठवाड्याला अपरिचित नाहीत. निरीक्षणे संपली की त्यांच्याखाली बांधलेली उपकरणे पॅराशूटने खाली येतात, आणि ती जिथे उतरू शकतात अशा जिल्ह्यांत लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली व धाराशिव यांचाही समावेश असतो. अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वैश्विक किरणांचा शोधही फुग्यातूनच लागला. 7 ऑगस्ट 1912 रोजी भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस सुमारे 5,300 मीटर उंचीवर गेले आणि वर जावे तसे हवेतील आयनीभवन (हवेचे रेणू विद्युतभारित होणे) घटण्याऐवजी वाढते, म्हणजे हे प्रारण जमिनीतून नव्हे तर बाहेरून येते, असे त्यांनी दाखवून दिले. 1936 चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले.

पदव्युत्तर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांना आज या विषयातील पोस्ट-डॉक्टरल (पीएचडीनंतरच्या) संशोधनाच्या जाहिरातींत 'रेडिओ दुर्बिणीद्वारे वैश्विक किरणांचे मापन' असे शब्द दिसतात आणि ते गोंधळतात, कारण वैश्विक किरण हे मुळात किरण नसून कण आहेत, आणि रेडिओ दुर्बीण कण पकडत नाही. या गोंधळाचे उत्तर इतिहासात आहे.

अतिशय ऊर्जावान कण वातावरणात शिरला की हवेतील अणुकेंद्रकांवर आदळून असंख्य दुय्यम कणांचा वर्षाव निर्माण करतो. एका इलेक्ट्रॉनपासून असा वर्षाव कसा वाढत जातो, याचे गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी 1937 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी प्येअर ओझे यांना एकमेकांपासून दूर ठेवलेल्या, कण मोजणाऱ्या गणित्रांत एकाच क्षणी कण आढळले आणि हे वर्षाव जमिनीवर किती दूरवर पसरतात ते कळले.

रेडिओचा संबंध मात्र एका चुकलेल्या अंदाजातून आला. युद्धकाळात रडारवर अधूनमधून दिसणारे अल्पजीवी प्रतिध्वनी कणवर्षावांमुळे येत असावेत, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आणि बर्नार्ड लव्हेल यांना वाटले. मँचेस्टर शहरातील विद्युत गोंगाट टाळण्यासाठी लव्हेल यांनी डिसेंबर 1945 मध्ये लष्करी रडार जॉड्रेल बँक नावाच्या जागी, मोकळ्या रानात नेले. प्रतिध्वनी उल्कांचे निघाले. वैश्विक किरण सापडले नाहीत, पण त्या रानात एक मोठी वेधशाळा उभी राहिली. पुढे 1962 मध्ये गुर्गेन अस्कार्यान यांनी भाकीत केले की वर्षावात धनभारित पॉझिट्रॉनांपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त असल्यामुळे त्यातून रेडिओ लहरी निघाल्या पाहिजेत. 1965 मध्ये जेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉड्रेल बँक येथेच, 44 मेगाहर्ट्झवर, कणवर्षावासोबत येणारे रेडिओ स्पंद (क्षणभराचे संकेत) खरोखर नोंदवले. ज्या जागी लव्हेल यांना निराशा आली, तिथेच वीस वर्षांनी हा शोध लागावा, हे मला या इतिहासातले सर्वांत हृद्य स्थळ वाटते.

स्पंदाचे मुख्य कारण वेगळे होते. कान आणि लर्श यांनी 1966 मध्ये दाखवले की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांना विरुद्ध दिशांना ढकलते, त्यातून आडवा विद्युतप्रवाह तयार होतो आणि तोच या लहरींचा प्रमुख स्रोत आहे. अस्कार्यान यांचा परिणाम खरा, पण दुय्यम. कणांचा थर काही मीटर जाडीचा असल्याने त्याहून लांब तरंगलांबीच्या लहरी एकमेकींत मिळून प्रबळ होतात, म्हणून चाळीस-पन्नास मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सोयीचा ठरतो.

एवढे कळूनही सत्तरच्या दशकात हे काम जवळजवळ थांबले. स्पंद काही नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), आणि त्याच पट्ट्यात मानवनिर्मित प्रक्षेपणांची गर्दी. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्सला दोन्ही वेगळे करता येईनात. कल्पना चुकीची नव्हती, साधने अपुरी होती.

वेगवान डिजिटल नोंदणी आणि स्वस्त संगणक आल्यावर चित्र पालटले. 2003 मध्ये हाइनो फाल्के आणि पीटर गॉरहॅम यांनी नव्या डिजिटल रेडिओ दुर्बिणी या कामासाठी वापरता येतील असे मांडले, आणि 2005 मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथील लोपेस प्रयोगाने ते सिद्ध केले. फ्रान्समध्ये नाँसे येथे कोडालेमा प्रयोगही याच काळात चालू होता.

इथे दुर्बीण म्हटले की खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची 45 मीटर व्यासाची तबकडी डोळ्यांसमोर आणू नये. तबकडी आकाशाचा लहानसा तुकडा पाहते. कणवर्षाव कोणत्याही दिशेने, न सांगता येतो. 2010 मध्ये उद्घाटन झालेल्या नेदरलँड्समधील लोफार या रेडिओ दुर्बिणीचे साधे द्विध्रुवी अँटेना एकाच वेळी सारे आकाश ऐकतात. प्रत्येक अँटेना दर 5 नॅनोसेकंदांना एक नोंद स्मृतीत ठेवतो. शेजारच्या कणशोधकांनी वर्षावाची वर्दी दिली की त्या क्षणाची नोंद पुसली जाण्याआधी उचलून घेतली जाते, आणि खगोलशास्त्रज्ञांचे दुसरे निरीक्षण त्याच वेळी विनाअडथळा चालू राहते.

यातून मिळते ते मूळ कणाची जात. लोखंडाचे केंद्रक वातावरणात उंचावरच फुटून वर्षाव लवकर शिगेला नेते, प्रोटॉन अधिक खोल उतरतो; जमिनीवरील रेडिओ ठशाच्या आकारावरून ही खोली काढता येते. 2016 मध्ये लोफारच्या मापनातून दिसले की 10 चा 17 वा घात इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि त्याच्या थोड्या वरच्या ऊर्जेला हलक्या केंद्रकांचा वाटा मोठा आहे. प्रतिदीप्ती (वर्षावामुळे हवेतून निघणारा मंद प्रकाश) पाहणाऱ्या दुर्बिणींना हेच मोजण्यासाठी चंद्रविरहित स्वच्छ रात्र लागते. रेडिओला दिवस-रात्र सारखीच.

अडचण येते ती गडगडाटी ढगांची. ढगातील विद्युतक्षेत्र वर्षावातील कणांना भलतीकडे वळवते आणि लहरींचे ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) बिघडते. 2015 मध्ये लोफारच्या गटाने ही बिघडलेली नोंद टाकून न देता तिच्यावरून ढगातील विद्युतक्षेत्रच मोजले. उटीच्या ग्रेप्स-3 या वैश्विक किरणांच्या प्रयोगात म्यूऑन या दुय्यम कणांच्या घटीवरून 1 डिसेंबर 2014 च्या एका ढगातील विभवांतर (व्होल्टेज) सुमारे 1.3 अब्ज व्होल्ट निघाले. मराठवाड्यात मृगाच्या आगेमागे वीज पडून शेतात काम करणारी माणसे आणि झाडाखाली बांधलेली जनावरे दगावतात. ढगाच्या आत उपकरण न पाठवता त्याचे क्षेत्र मोजणाऱ्या या पद्धतींकडे आपल्या भागातील संशोधकांनी म्हणूनच जवळून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

सध्याच्या पोस्ट-डॉक्टरल संशोधनाचा भर अँटेनांचे अंशांकन (त्यांची मापने अचूक जुळवून घेणे), वर्षावांची संगणकीय प्रतिरूपे आणि कणशोधकाच्या वर्दीविना केवळ रेडिओ संकेतावरून स्पंद ओळखणे यांवर आहे. अर्जेंटिनातील प्येअर ओझे वेधशाळेने आपल्या 3,000 चौरस किलोमीटरवरील कणशोधकांना रेडिओ अँटेना जोडले आहेत. ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या स्का-लो दुर्बिणीत 1,31,072 अँटेना असतील आणि त्यांपैकी बरेच मध्यभागी दाटीने असल्याने एकाच वर्षावाची नोंद हजारो ठिकाणी होईल. भारत या प्रकल्पात सहभागी आहे.