आरशात पडलेला सर्व्हे

टोटल स्टेशनवरून, म्हणजे जमिनीवरचे कोन आणि अंतरं मोजणाऱ्या यंत्रावरून, उतरवलेली फाइल डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये घेतली आणि पॉइंट भलतीकडेच जाऊन पडले, की पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. मग कुणी प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करतो, तर कुणी सगळे पॉइंट निवडून मूव्ह आणि रोटेटने रस्त्याच्या नकाशावर बसवतो. हे साप समजून भुई धोपटणं आहे. इम्पोर्ट करताना सॉफ्टवेअर फार काही करतच नाही. एक ओळ वाचतं, स्वल्पविराम दिसेल तिथे तोडतं आणि एकेक तुकडा ठरलेल्या रकान्यात टाकतं. त्यामुळे चूकही कशीही होत नाही. तिला एक आकार असतो, आणि त्या आकारावरून कारण सापडतं.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा. साधारण अशी ओळ दिसेल:

१०१,२०५०३१८.४२६,३८०११२.९०८,५६२.३१५,टीबीएम

म्हणजे पॉइंट क्रमांक, नॉर्दिंग (मूळबिंदूपासून उत्तरेकडचं अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), उंची आणि तो पॉइंट कशाचा आहे ते सांगणारा कोड (टीबीएम म्हणजे उंचीची तात्पुरती खूण). इंग्रजी आद्याक्षरांवरून हा क्रम पीएनईझेडडी. दुसरा प्रचलित क्रम पीईएनझेडडी, त्यात ईस्टिंग आधी येतं. दोन्ही रकान्यांत नुसते आकडेच असल्यामुळे चुकीचा क्रम निवडला तरी सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. दोन क्रम आले ते दोन परंपरांमुळे. शाळेतल्या आलेखात आपण आडवा अक्ष आधी घेतो आणि कोन त्या अक्षापासून घड्याळाच्या उलट मोजतो. सर्व्हेअर उत्तरेपासून सुरुवात करतो आणि कोन घड्याळाच्या दिशेने मोजतो.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. नॉर्दिंग-ईस्टिंगची अदलाबदल झाली की नकाशा ९० अंशांनी फिरतो, असं पुष्कळ अनुभवी माणसंही सांगतात. तो फिरत नाही. तो उलटतो.

तीन पॉइंट घेऊन पाहा. क मूळबिंदूवर, ख त्याच्या १०० मीटर उत्तरेला, ग क-पासून ५० मीटर पूर्वेला. क-ख-ग असं बोट फिरवलं तर ते घड्याळाच्या दिशेने जातं. आता आकड्यांची अदलाबदल करा. ख गेला १०० मीटर पूर्वेला, ग गेला ५० मीटर उत्तरेला. पुन्हा क-ख-ग बोट फिरवा, आता ते घड्याळाच्या उलट जातं. कागद टेबलावर कितीही गरगर फिरवला तरी ही दिशा बदलणार नाही. ती बदलायला कागद पारदर्शक हवा आणि तो पालथा घालायला हवा. ईशान्येकडे ४५ अंशांत जाणाऱ्या रेषेवर आरसा उभा केला, तर त्यात जे दिसेल तेच तुमच्या पडद्यावर आलेलं असतं.

ही चूक फसवी आहे, कारण आरसा अंतरं बदलत नाही. क-ख आधीही १०० मीटर होतं, आताही १०० मीटरच आहे. क्षेत्रफळ तेच, भरावाचं घनफळ तेच, उंचीला तर हातच लागलेला नाही. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, अगदी नैसर्गिक दिसतात. जागेवर टेप लावून पडताळणी केली तरी सगळं जुळतं. फक्त डावीकडे वळणारा रस्ता उजवीकडे वळतो. रोटेट वापरून दोन पॉइंट बसवता येतात, तिसरा बसत नाही आणि मग खापर सर्व्हेवर फुटतं. उपाय एकच: पॉइंट पुसा, योग्य क्रम निवडा आणि पुन्हा इम्पोर्ट करा.

बाकीच्या चुका ओळखायला भागाकार पुरतो. ज्याचे खरे आकडे माहीत आहेत असा एक पॉइंट (कंट्रोल पॉइंट) घ्या आणि मिळालेल्या आकड्याला अपेक्षित आकड्याने भागा. ३.२८०८ किंवा ०.३०४८ आलं तर मीटर आणि फूट यांची गल्लत आहे. १.०००००२ च्या आसपास आलं तर दोन फुटांची. हो, फूट दोन आहेत. १८९३ च्या अमेरिकी व्याख्येतून आलेला सर्व्हे फूट म्हणजे १२००/३९३७ मीटर, आणि १९५९ चा आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. फरक दहा लाखात दोन. हजार फुटांच्या प्लॉटवर तो एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण कोऑर्डिनेट, म्हणजे नॉर्दिंग किंवा ईस्टिंगचा आकडा, हे दूरच्या मूळबिंदूपासूनचं अंतर असतं. नॉर्दिंग २० लाख फूट असेल तर तोच फरक ४ फूट होतो. प्लॉट आतून बिनचूक आणि सगळाच्या सगळा ४ फूट सरकलेला. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस सर्व्हे फूट बाद केला, पण जुन्या फाइलींत तो आहेच.

दोन पॉइंटांमधलं अंतरच किलोमीटरला सुमारे ४० सेंटिमीटर कमी भरत असेल, तर एक फाइल यूटीएम ग्रिडवर (पृथ्वीचा गोल सपाट नकाशावर मांडणारी पद्धत) आणि दुसरी जमिनीवरच्या मापात आहे. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ ठेवलेलं असतं. सगळ्या उंच्या जवळपास सारख्याच, दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त फरकाने चुकत असतील तर जीएनएसएसची (जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणेची) लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली, उंची समुद्रसपाटीवरची समजून घेतलेली असते. ठिकाणानुसार हा फरक सुमारे उणे १०६ ते अधिक ८५ मीटर असतो.

एका क्लिकमध्ये जुळवून देणाऱ्या ‘बेस्ट फिट’ साधनांची सध्या फार जाहिरात होते. ती सरकवतात, फिरवतात आणि मोकळीक दिली तर लहानमोठंही करतात. फुटांची चूक ती निमूट गिळून टाकतात आणि खाली शिल्लक त्रुटी शून्य दाखवतात. कारण कळल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

ही स्वल्पविरामांची फाइल (सीएसव्ही) स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह करू नका. सेलमध्ये दोन दशांश दिसत असतील तर फाइलमध्ये दोनच उरतात, आणि ‘१-२’ असा क्रमांक तारीख होऊन बसतो. कोडमध्ये स्वल्पविराम असेल तर तो तिथेच तुटतो. पॉइंट आत आले पण दिसत नाहीत, तर आधी झूम एक्स्टेंट्स करा, म्हणजे सगळं रेखाटन पडद्यावर आणा, मग लेयर आणि पॉइंट ग्रुपची स्टाइल तपासा.

सरफेसमध्ये, म्हणजे पॉइंटांवरून बनवलेल्या जमिनीच्या पृष्ठभागात, एका ठिकाणी कंटूरची दाट वर्तुळं दिसली तर तिथे उंची कोरी असून ती शून्य धरली गेली आहे. ५६२ मीटरच्या जमिनीत तो ५६२ मीटर खोल खड्डा असतो. सरफेसच्या सेटिंगमध्ये ठरावीक उंचीखालचे पॉइंट वगळता येतात. खड्ड्याऐवजी सलग क्रमांकांचा पट्टाच नेमका अर्धा मीटर उचललेला दिसला, तर पॉइंटवर उभा धरायचा प्रिझमचा पोल १.५ वरून २.० मीटर केला आणि यंत्रात नोंदवायचा राहिला. फील्डबुकात पोल कुठून कुठपर्यंत वाढवला होता ते पाहा आणि तेवढ्याच क्रमांकांच्या उंचीतून ०.५ वजा करा.